ढेरी, झोप आणि वाढीचे संप्रेरक

चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ 'संपूर्ण शरीर तपासणी'चे पॅकेज घेतो, सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन येतो आणि संध्याकाळी मोबाइलवर अहवाल उघडतो. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या रांगेत हल्ली कधीकधी आणखी एक ओळ असते. ग्रोथ हार्मोन. पुढे आकडा ०.०८, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. गृहस्थ तो आकडा घेऊन इंटरनेटवर जातो आणि दहा मिनिटांत त्याला तीन गोष्टी कळतात: आपले पोट सुटले ते या संप्रेरकाच्या अभावामुळे, जिना चढताना दम लागतो तोही त्यामुळेच, आणि यावर इंजेक्शन मिळते.

या तिन्ही गोष्टी त्याला ज्या क्रमाने सांगितल्या गेल्या, तो क्रमच उलटा आहे. हे पुस्तक त्या उलट्या क्रमाबद्दल आहे.

आधी तो आकडा बघू. वाढीचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत तयार होते. १९१ अमिनो आम्लांची ही एक प्रथिनसाखळी. पण ती रक्तात संथपणे झिरपत नाही. ग्रंथी ती झटक्याझटक्याने सोडते. एक लाट येते, काही काळ रक्तातली पातळी चढते, मग उतरते, आणि दोन लाटांच्या मध्ये ती इतकी खाली जाते की जुन्या चाचण्यांना ती सापडतच नसे. रक्तात आलेल्या संप्रेरकातले निम्मे साधारण वीस मिनिटांत नाहीसे होते. निरोगी तरुण पुरुषाच्या रक्तातही सकाळी आठला ०.०८ सापडू शकते आणि त्याच रात्री झोप लागल्यावर तासाभरात तो आकडा शंभरपटींच्या घरात गेलेला असू शकतो. पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी अंगणात भांडे ठेवायचे, मिनिटभराने उचलायचे आणि त्यावरून वर्षभराचा पाऊस सांगायचा, तसा हा एकवेळच्या चाचणीचा प्रकार आहे. प्रयोगशाळेने दिलेली 'सामान्य मर्यादा' शून्याला लागूनच सुरू होते ती याच कारणाने, पण अहवालाच्या त्या रकान्याकडे कुणी बघत नाही.

म्हणून पुरुषाचे राहणीमान, शरीराची ठेवण आणि हे संप्रेरक यांचा संबंध शोधायचा तर दिवसभर आणि रात्रभर, ठरावीक अंतराने रक्त घ्यावे लागते. हे काम कष्टाचे, खर्चाचे आणि ज्याच्या हाताला सुई लावून ठेवली आहे त्याच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणारे. त्यामुळे या विषयातले पायाभूत अभ्यास माणसांच्या संख्येने लहान आहेत. एकवीस माणसांवरचा अभ्यास म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्याने लक्षात ठेवावे, की त्या एकवीस माणसांचे मिळून तीन हजार नमुने तपासलेले असतात.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो, कारण तो इतरत्र भरपूर मिळतो. १९२१ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून उंदीर प्रचंड वाढवून दाखवले. माणसाचे संप्रेरक माणसाच्याच ग्रंथीतून काढावे लागते, प्राण्याचे चालत नाही, हे पुढे कळले आणि बोस्टनमधल्या मॉरिस रेबन यांनी १९५८ मध्ये एका खुज्या मुलाची उंची त्यातून वाढल्याचे नोंदवले. तेव्हापासून १९८५ पर्यंत मृतांच्या मेंदूतून काढलेल्या ग्रंथी हाच या औषधाचा एकमेव स्रोत होता. काही ग्रंथींमधून क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदू पोखरणारा प्राणघातक आजार मुलांमध्ये गेला, हे उघडकीस आल्यावर ते औषध अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बंद झाले आणि त्याच वर्षी जनुकतंत्राने बनवलेले संप्रेरक बाजारात आले. टंचाई संपली. टंचाई होती तोवर औषध केवळ खुज्या मुलांसाठी होते; ती संपल्यावर गिऱ्हाईक शोधणे सुरू झाले. पुढची गोष्ट समजून घेताना हा धागा विसरू नये.

मोजमापाची गोष्ट मात्र रेंगाळून सांगण्यासारखी आहे. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी शोधलेली रेडिओइम्युनोअसे ही पद्धत त्यांच्याच गटाने १९६३ मध्ये वाढीच्या संप्रेरकाला लावली, आणि लगेच लक्षात आले की हे नाव अपुरे आहे. रक्तातली साखर घसरली की हे संप्रेरक उसळते, साखर पाजली की दबते. वाढ केव्हाच थांबलेल्या प्रौढ माणसातही. म्हणजे उंची वाढवणे हे त्याचे बालपणीचे काम. पुढे आयुष्यभर ते शरीराची इंधनव्यवस्था सांभाळते. अन्न नसेल तेव्हा साठवलेली चरबी मोकळी करा आणि स्नायूंमधले प्रथिन वाचवा, असा त्याचा आदेश असतो. इन्सुलिन भरल्या ताटाचे संप्रेरक, तर हे रिकाम्या ताटाचे. एवढे एक सूत्र पकडले की पुढचे सारे निष्कर्ष आपोआप जागच्या जागी बसतात.

आता त्या एकवीस माणसांकडे येऊ. अली इरानमनेश, जी. लिझाराल्दे आणि जोहानस वेल्डहाउस यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात केलेला हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हर्जिनियात या संप्रेरकाच्या संशोधनाची परंपराच होती. संप्रेरक सोडण्याचा हुकूम देणारे मेंदूतले द्रव्य १९८२ मध्ये ज्या गाठींमधून वेगळे केले गेले, त्यांतली एक तिथल्या मायकेल थॉर्नर यांच्या रुग्णाची होती. तर २१ ते ७१ वयाचे एकवीस निरोगी पुरुष, चोवीस तास, दर दहा मिनिटांनी रक्त. मिळालेल्या चढउतारांवरून गणिताने दोन गोष्टी सुट्या केल्या: ग्रंथीने किती सोडले आणि शरीराने किती वेगाने निपटवले. नुसती पातळी बघून हे दोन्ही कधीच कळत नाही.

निष्कर्ष असा. वयाच्या दर दहा वर्षांमागे संप्रेरकाची निर्मिती सुमारे १४ टक्क्यांनी घटते. पण वय तेवढेच धरले, तरी बॉडी मास इंडेक्सच्या प्रत्येक एककामागे रोजचे उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटते. माणसामाणसांतल्या फरकापैकी साठ टक्क्यांहून अधिक भाग या दोनच गोष्टींनी उलगडला. पाच फूट सात इंच उंचीच्या पुरुषासाठी बॉडी मास इंडेक्सचे एक एकक म्हणजे जेमतेम तीन किलो. लग्नानंतरच्या दहा वर्षांत ज्याचे वजन पंधरा किलोंनी वाढले, त्याने या हिशोबाने संप्रेरकाचे जेवढे नुकसान करून घेतले, तेवढे नुसत्या वयाने व्हायला वीस वर्षे लागली असती. हा ढोबळ हिशोब आहे, एकेका माणसाला जसाच्या तसा लावता येणार नाही; पण वय आणि वजन यांतले वजनदार पारडे कोणते, हे त्यातून कळते.

मग पुढचा प्रश्न: वजन म्हणजे नेमके काय? डेन्मार्कमध्ये ऑर्हूसच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले की पोटावरची चरबी हिशोबात घेतली, तर वय आणि लिंग हे दोन्ही मागे पडतात. मांड्या-नितंबांवरची चरबी फारशी दोषी नाही. आतड्यांभोवती, यकृताशेजारी साठणारी खोल चरबी दोषी आहे. नंतरच्या अभ्यासांतही हेच दोन धागे पुन्हा पुन्हा वर आले, पोटातली चरबी आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक जोडछायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघेही शिडशिडीत दिसतात, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. आणि शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या गर्भवती मातांच्या अभ्यासातून याज्ञिकांच्या गटाने दाखवले, की हा फरक जन्मतःच असतो: आपली बाळे वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. त्या छायाचित्रात वाढीच्या संप्रेरकाचा विषयही नाही, जोडणी माझी आहे. पण ती जोडल्याशिवाय व्हर्जिनियातले आकडे आपल्याकडे आणता येत नाहीत. बॉडी मास इंडेक्स हा अमेरिकन पुरुषाच्या पोटाचा अंदाज म्हणून बरा असेल, आपल्यासाठी तो फसवा आहे. काट्यावर ६५ किलो आणि पट्ट्याला नवे भोक, अशी मंडळी आपल्या प्रत्येक कचेरीत आहेत. पुरुषाच्या कमरेच्या घेराची भारतीयांसाठी मानलेली मर्यादा ९० सेंटिमीटर आहे. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप इथे जास्त खरे बोलते.

पोटातली चरबी संप्रेरकाला दाबते कशी, हे एका वाक्यात सांगता येत नाही, कारण ती अनेक वाटांनी दाबते. चरबीतून सतत सुटणारी मुक्त मेदाम्ले पीयूषिकेला थोपवतात. औषधाने ती मेदाम्ले तात्पुरती खाली आणली, की लठ्ठ माणसाची ग्रंथीही जोरात प्रतिसाद देते. म्हणजे ग्रंथी संपलेली नसते, तिचे तोंड दाबलेले असते. दुसरी वाट इन्सुलिनची. पोट सुटलेल्या माणसाच्या रक्तात इन्सुलिन चढे असते, त्याने आयजीएफ-१ला, म्हणजे वाढीचे संप्रेरक ज्याच्याकडून आपले बरेचसे काम करवून घेते त्या द्रव्याला, बांधून ठेवणारे यकृतातले एक प्रथिन कमी होते, मोकळे आयजीएफ-१ वाढते आणि ते मेंदूला कळवते की संप्रेरक पुरेसे आहे, आणखी नको. तिसरी, लठ्ठ शरीर आलेले संप्रेरक निपटवतेही लवकर. चौथी, जठरातून निघणारे घ्रेलिन, जे १९९९ मध्ये जपानी संशोधकांना सापडले आणि जे भुकेसोबत या संप्रेरकालाही चेतवते, ते लठ्ठपणात कमी असते. आणि मग चक्र पुरे होते: संप्रेरकाचे एक काम पोटातली चरबी वितळवणे हेच असल्याने, ते घटले की चरबीला आणखी मोकळे रान.

चक्र म्हटले की विक्रेता म्हणणार, मग ते इंजेक्शनने तोडू. पण चक्र कुठून तुटते याचे उत्तर उपलब्ध आहे. डेन्मार्कमध्येच १९९५ मध्ये लठ्ठ माणसांनी भरपूर वजन उतरवल्यावर त्यांचे चोवीस तासांचे आलेख पुन्हा घेतले गेले. लाटा परत आल्या होत्या. बाहेरून थेंबभरही संप्रेरक न देता. ढेरी हे संप्रेरकाच्या घसरणीचे फळ कमी आणि मूळ जास्त, हे म्हणायला मला यापेक्षा सरळ पुरावा माहीत नाही.

झोपेचे प्रकरण पुरुषांसाठी वेगळेच महत्त्वाचे आहे. स्त्रियांमध्ये या संप्रेरकाच्या लाटा दिवसभर विखुरलेल्या असतात. पुरुषात दिवस बराचसा कोरडा जातो आणि सर्वांत मोठी लाट येते ती झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ टप्प्यात. १९६८ मध्ये सेंट लुईसमध्ये ताकाहाशी, किप्निस आणि डॉहाडे यांनी हे दाखवले. झोप उशिरा घ्यायला लावली तर लाटही उशिरा आली. घड्याळातले अकरा-बारा महत्त्वाचे नाहीत, गाढ झोप महत्त्वाची. त्यामुळे 'रात्री दहा ते दोन झोपले तरच ग्रोथ हार्मोन' हा जो संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर दर महिन्याला येतो, त्यातला आकडा सोडून द्यावा.

शिकागोच्या इव्ह व्हान कॉटर आणि सहकाऱ्यांनी १६ ते ८३ वयाच्या १४९ निरोगी पुरुषांच्या नोंदी २००० मध्ये मांडल्या. पंचविशीपर्यंतच्या पुरुषांच्या झोपेत गाढ टप्प्याचा वाटा १८.९ टक्के होता. ३६ ते ५० या वयात तो ३.४ टक्के उरला. वाढीच्या संप्रेरकाची मुख्य घसरणही त्याच वर्षांत, त्याच्याच पावलावर पाऊल ठेवून. म्हणजे ज्याला आपण म्हातारपणाची घसरण म्हणतो ती साठीत नव्हे, नोकरीच्या ऐन धावपळीत उरकलेली असते. साठीतला माणूस या बाबतीत पंचेचाळिशीतल्याहून फार वेगळा नसतो.

याच जागी एक लगाम. झोप कमी म्हणून संप्रेरक कमी, असे सरळ समीकरण मांडावेसे वाटते, पण स्ट्रासबुर्गच्या गटाने त्याच वर्षी दाखवले की तरुण पुरुषांना रात्रभर जागे ठेवले तर रात्रीची मोठी लाट हुकते खरी, मात्र दुसऱ्या दिवशी लहान-मोठ्या लाटा येऊन चोवीस तासांची बेरीज जवळपास तेवढीच भरते. शरीर एका रात्रीचे जागरण पचवते. वर्षानुवर्षांची रात्रपाळी, घोरण्याचा आजार, झोपण्याआधीची दारू यांचा हिशोब निराळा आहे. दारूने झोप लवकर लागते आणि संप्रेरकाची रात्रीची लाट दबते, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. घोरणाऱ्या, जाड मानेच्या, दिवसा पेंगणाऱ्या पुरुषाने संप्रेरकाची चाचणी करण्याआधी झोपेची चाचणी करावी, हे या पुस्तकातले कदाचित सर्वांत कामाचे वाक्य आहे.

उपासाबद्दल आपल्याकडे आधीच खूप अभिमान आहे, म्हणून जपून लिहितो. निरोगी पुरुषांनी दोन दिवस पूर्ण उपास केला, तर संप्रेरकाचे उत्पादन सुमारे पाचपट होते. १९९२ चा अभ्यास आहे, तोही व्हर्जिनियाच्याच गटाचा. रिकाम्या ताटाचे संप्रेरक हे सूत्र आठवले तर यात नवल नाही. हे आकडे वाचून एकादशीचे शास्त्र सिद्ध झाल्याचे सांगणारे लेख मी वाचले आहेत. प्रयोगातल्या माणसांना पाणी मिळत होते, साबुदाण्याची खिचडी नव्हती. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. वाटीभर खिचडीनंतर साखर आणि इन्सुलिन वर, वाढीचे संप्रेरक खाली. एकादशी अन् दुप्पट खाशी या व्रताचे फळ जे काही असेल ते पीयूषिकेच्या खात्यावर जमा होत नाही.

पण विनोद बाजूला ठेवला तर उपासाचे उदाहरण एक मोठा गैरसमज फोडते. जास्त संप्रेरक म्हणजे चांगले, असे आपण गृहीत धरतो. कुपोषित मुलांच्या रक्तात वाढीचे संप्रेरक कमी असेल, अशी १९६० च्या दशकापर्यंत समजूत होती. दक्षिण आफ्रिकेत मोजले तेव्हा ते चढलेले निघाले. वाढ खुंटलेले, पाय सुजलेले मूल आणि रक्तात वाढीचे संप्रेरक भरपूर! कारण हे संप्रेरक वाढीचा हुकूम स्वतः बजावत नाही. बरेचसे काम यकृतात आणि ऊतींमध्ये तयार होणाऱ्या आयजीएफ-१कडून करवून घेते, आणि अन्नाशिवाय, प्रथिनाशिवाय यकृत ते बनवत नाही. उलट टोकाला लठ्ठ माणसात संप्रेरक घटलेले असते, तरी एकूण आयजीएफ-१ बहुधा फारसे घटलेले नसते. तेव्हा कमी आकडा म्हणजे आजार आणि जास्त आकडा म्हणजे तारुण्य, ही वाचनपद्धतच टाकून द्यायला हवी. आकडा हे शरीराने आपल्या परिस्थितीला दिलेले उत्तर असते. आधी परिस्थिती विचारावी.

व्यायामाने संप्रेरक वाढते, हे खरे. जितका जोर जास्त तितकी लाट मोठी, हे व्हर्जिनियातच १९९९ मध्ये पुरुषांवर पायरीपायरीने दाखवले गेले. रमतगमत फेरीने फारसे काही होत नाही. धाप लागली, बोलणे तुटले, की लाट उठते. जिममधली मंडळी इथवर बरोबर आहेत. पुढे ती चुकतात. या लाटेने दंड फुगतात असे समजून कमी विश्रांती, जास्त जळजळ, पायांचा व्यायाम आधी म्हणजे हार्मोन दंडाला, अशी गणिते तिथे मांडली जातात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ५६ तरुणांना बारा आठवडे वजने उचलायला लावून वेस्ट आणि फिलिप्स यांनी २०१२ मध्ये तपासले: व्यायामानंतरच्या संप्रेरक-लाटेचा आणि स्नायूंच्या वाढीचा ताळमेळ जवळजवळ लागला नाही. दंड वाढतो तो दंडाने उचललेल्या वजनाने आणि पोटात गेलेल्या प्रथिनाने. कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका काढून दूध-बदाम पिणाऱ्या मल्लाला हे कुणी समजावून सांगावे लागले नव्हते.

मग इंजेक्शनची हाक आली कुठून? याचा उगम चक्क सांगता येतो: ५ जुलै १९९०. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या त्या अंकात डॅनियल रुडमन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. ६१ ते ८१ वयाचे एकवीस पुरुष (पुन्हा एकवीसच). बारा जणांना सहा महिने आठवड्यातून तीनदा संप्रेरक, नऊ जणांना काही नाही. चरबीविरहित वस्तुमान ८.८ टक्क्यांनी वाढले, चरबी १४.४ टक्क्यांनी घटली. लेखकांनी हा बदल दहा ते वीस वर्षांच्या वार्धक्यातल्या बदलाएवढा असल्याची तुलना केली, आणि त्या तुलनेने लेखाचे नशीब ठरवले. 'वीस वर्षांनी तरुण' या जाहिरातींच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर जगल्या. त्या प्रयोगात ताकद वाढली का, चालणे सुधारले का, हे मोजलेच नव्हते. ज्यांनी पुढे मोजले त्यांना उत्तर मिळाले: सॅन फ्रान्सिस्कोत १९९६ मध्ये ५२ वृद्ध पुरुषांवर तसाच प्रयोग झाला, चरबी घटली, स्नायूभार थोडा वाढला, ताकद वाढली नाही. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी निरोगी वृद्धांवरचे सगळे प्रयोग एकत्र चाळले, तेव्हा लाभाच्या बाजूला सुमारे दोन किलो चरबीविरहित वस्तुमान आणि तोट्याच्या बाजूला सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबणे आणि मधुमेहाकडे झुकणारी साखर. रुडमन १९९४ मध्ये वारले. त्यांचा लेख आपल्या अंकात छापणाऱ्या त्याच नियतकालिकाला २००३ मध्ये त्या लेखाचा जाहिरातींसाठी होणारा गैरवापर जाहीरपणे सांगावा लागला. अमेरिकेत म्हातारपण रोखण्यासाठी हे संप्रेरक विकणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे जिमच्या मागच्या खोलीत ते मिळते, शीतपेटीतून आले की उन्हातून, हे न विचारता.

तोंडाने घ्यायच्या पावडरी आणि फवारे यांच्याबद्दल दोनच वाक्ये पुरेत. हे प्रथिन आहे. जठरात गेले की डाळीच्या प्रथिनासारखेच पचते. आणि हाडांची वाढीची टोके एकदा जुळली की कुठलेही संप्रेरक, कोणत्याही मार्गाने, प्रौढाची उंची वाढवत नाही. अतिरेक झाला तर वाढतात जबडा, बोटे आणि हृदय.

तारुण्य आणि हे संप्रेरक यांची सांगड ज्यांना फारच प्रिय आहे, त्यांच्यासाठी एक्वादोरचे उदाहरण देऊन ठेवतो. तिथल्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात लॅरोन सिंड्रोम असलेली माणसे राहतात. त्यांच्या पेशी वाढीचे संप्रेरक ओळखतच नाहीत. उंची साडेतीन-चार फुटांच्या आसपास. हाइमे ग्वेवारा-आगिरे यांनी दोन दशकांहून अधिक काळ त्यांचा मागोवा घेतला, आणि २०११ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की ही माणसे लठ्ठ असूनही त्यांच्यात मधुमेह सापडला नाही आणि कर्करोग अगदीच विरळा. ज्या उंदरांत हे संप्रेरक जन्मतः नाही, ते आपल्या भावंडांपेक्षा दीर्घायुषी असतात. यावरून संप्रेरक घटवा असे कुणी म्हणू नये. पण ते वाढवले की आयुष्य वाढते, या दाव्याला निसर्गाने केलेला प्रयोग तरी दुजोरा देत नाही.

प्रौढ पुरुषात या संप्रेरकाचा खरा अभाव असतो, आणि तो गंभीर असतो. पीयूषिकेवरची गाठ, त्या गाठीची शस्त्रक्रिया, डोक्याला दिलेले किरणोपचार, अपघातातला मार ही त्याची नेहमीची कारणे. तो एका सकाळच्या रक्ताने ठरत नाही; साखर मुद्दाम खाली आणून किंवा दुसरे उत्तेजक देऊन ग्रंथी उसळते का हे बघावे लागते, आणि पोट सुटलेल्या माणसात तो निकालही सावधपणे वाचावा लागतो. आपल्या शेतीच्या मुलखात आणखी एक कारण आहे, ज्याचा उच्चार या विषयावरच्या परदेशी पुस्तकांत सापडला तर एखाद्या तळटीपेत. घोणस. तिच्या विषाने रक्ताच्या गुठळ्या आणि रक्तस्राव होऊन पीयूषिका कायमची निकामी होऊ शकते; म्यानमारमधल्या अशा रुग्णांची मालिका 'लॅन्सेट'मध्ये १९८७ साली आली आणि भारतातूनही अशा नोंदी आहेत. भातकापणीत घोणस चावलेला, दवाखान्यातून वाचून घरी आलेला शेतकरी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थकलेला, निस्तेज, दाढी विरळ झालेला असा परत येतो. त्याला अशक्तपणाची सलाईन लावली जाते, टॉनिक दिले जाते. साप चावला होता हे तो सांगत नाही, कारण ते विचारलेले नसते.

अशा माणसात वाढीचे संप्रेरक मोजण्याची घाई नको. आधी कॉर्टिसॉल बघायचे, कारण त्याच्या अभावाने साध्या तापातही जीव जाऊ शकतो, ते भरून काढल्यावर थायरॉइड, कारण हा क्रम उलटा केला तर उपचारानेच रुग्ण कोसळतो, मग टेस्टोस्टेरॉन. वाढीच्या संप्रेरकाचा नंबर या रांगेत शेवटचा आहे.